फुकटातली शाळा

८ जानेवारी, गुरुवार

गुरुवार. म्हणजे इकडं कंपन्यांची आठवड्याची सुट्टी, लाइट बंद, वायफाय बंद आणि नवरा घरी. आमची घरची शाळा पहिल्याच आठवड्यात बसली.

नवऱ्यानं, म्हणजे प्र. ने, हौसेनं हॉलमध्ये बोर्ड ठोकला. पांढरा, कंपनीत लाइनवर असतो तसाच. वर लिहिलं, ओवी, इयत्ता पहिली. खाली तीन रकाने: टार्गेट, अॅक्च्युअल, रिमार्क. चाकणला ज्या लाइनवर तो सुपरवायझर आहे, तिथल्या बोर्डात आणि ह्यात फरक एवढाच की पार्टच्या जागी पोरगी. हसले मी. पण मीही बरीच वर्षं कंपनीत माल तपासण्यात, क्वालिटीत काढलीत, बोर्डावर काही चढलं नाही तर काम झाल्यासारखं वाटतच नाही मला.

सासूबाई बराच वेळ बोर्डाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "काय करायलाव तुमी दोघं? आमाला शाळंच्या दारातनं आत कुनी घेतलं न्हाई. आन् तुमी आत गेलेलं लेकरू माघारी आनलाव."

माझं उत्तर म्हणजे तो व्हिडिओ. एकदाच लिहून ठेवते, म्हणजे रोज डोक्यात फिरायला नको. ओवी बोलताना अडखळते. स्वतःच्या नावावर तर गाडी अडतेच. शाळेत बाईंनी तिला वर्गापुढं उभं करून 'माय नेम इज' म्हणायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सो क्यूट'. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मागं सगळा वर्ग हसताना ऐकू येतो. शेवटी ओ. गप्प होते आणि कॅमेऱ्याकडे बघते.

त्यानंतर ती शाळेत एक शब्द बोलली नाही. मग घरातही बोलणं आटत गेलं. नाताळच्या सुट्टीनंतर मी पाठवलंच नाही. नोकरी सोडली. धाकटी चिऊ चार वर्षांची, ती बालवाडीतून आपोआप घरी. ताई नाही तर मी नाही.

प्र. म्हणाला, जूनपर्यंत बघू. जूनमध्ये ती चार माणसांत बोलली पाहिजे. नाही बोलली तर मी म्हणेन त्या शाळेत, मग तू आणि तुझ्या वेबसाइट बाजूला.

ठीक. सही-शिक्का तेवढा राहिला.


१० जानेवारी

'लहान मुलांसाठी मोफत शिक्षण' असं टाकलं की जग किती दयाळू आहे ते कळतं. सगळेच मोफत. आत गेलं की आधी ईमेल, मग फोन नंबर, मग 'सात दिवस मोफत, फक्त कार्डाची माहिती द्या'. पोरगी अ पर्यंत पोचायच्या आत बापाचं कार्ड मागतात.

एक साइट खरंच फुकट निघाली, पण प्रत्येक बेरजेनंतर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. दोन अधिक तीन, मग एक बाई हातात नोटा घेऊन नाचते. चिऊला नाच आवडला. बंद केली.

एक मराठी. 'ज्ञ'ला 'ग्य' म्हणते आणि 'ळ' गाळूनच टाकते. फळ नाही, फल. बाळ नाही, बाल. सासूबाई म्हणाल्या, ही बया कुटली?

सरकारी पोर्टल चांगलं असावं. असावं, कारण आत जाता आलं नाही. शाळेचा नंबर विचारतं आणि विद्यार्थ्याचा नंबर विचारतं. शाळेतून काढलेल्या मुलीनं नंबर कुठून आणायचा? हेल्पलाइनवर गाणं ऐकलं.


१४ जानेवारी

संक्रांत. बिल्डिंगमधल्या बायका तीळगुळाला आमच्याकडे. ओ. वाटी घेऊन सगळ्यांच्या हातावर तीळगूळ ठेवत होती, तोंड मिटून. समोरच्या फ्लॅटमधली म्हणाली, "अगं, नुसता देतेस काय? गोड बोला म्हण की!" सगळ्या वाट बघत राहिल्या, हसऱ्या चेहऱ्यानं. मीच म्हटलं, गोड बोला. घाईघाईनं. ओ. नं वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

मग चौकशा. "म्हणजे आता शाळेतच नाही जात? मग सर्टिफिकेट?" "घरी तू शिकवणार? इंग्लिश पण?" एकीला माझी काळजी वाटली. एकीच्या नात्यातला मुलगा असाच होता, तो आता रिक्षा चालवतो. रिक्षा काय वाईट आहे, पण तिनं ते ज्या सुरात सांगितलं.

गोड बोला म्हणे. पोरगी नुसती बोलली असती तरी दिवाळी केली असती मी.


१९ जानेवारी

शबाना आली. मागच्या गल्लीत राहते, नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तिचा फैजान ओ. च्याच वर्गात. त्या ग्रुपवर हसणारं तोंड न टाकणारी आणि फोन करणारी ती एकटीच होती. फोनवर एवढंच म्हणाली होती, "ताई, मी पुढं बघितलाच नाही तो."

आज जुना टॅब घेऊन आली. कोपरा फुटलेला, पण चालतो. म्हणाली, "फैजानला दिला तर तो गाड्याच पळवतो. तुमच्याकडे तरी शिकायच्या कामाला येईल. आणि चांगली फुकटची साइट सापडली ना, तर मलापण सांगा."

सापडली तर. बरीच वर्षं लोकांच्या मालात खोट शोधून पगार घेतला, आता फुकटच्या मालात शोधते. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

अमेरिकेची एक साइट उघडली होती, नाणी ओळखायची. पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर. टॅब ओरडला, "फाइंड द क्वार्टर!" सासूबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या. "लेकराला क्वार्टर काय शिकवायलीस?"

ओ. हसली. आवाज न करता, पण खांदे हलले. महिन्यातलं पहिलंच.


२७ जानेवारी

सापडली. जाहिरात नाही, कार्ड नाही, कुणा संस्थेनं पुण्य म्हणून चालवलेली. पहिलीचं सगळं आहे. वाचन, गणित, गोष्टी. एक अस्वल आहे, ते शब्द दाखवतं, मुलानं तो मोठ्यानं वाचायचा, माइक ऐकतो. बरोबर आलं की तारा. रोज किती तारे झाले ते आपोआप मांडतं. प्र. खूश. "बघ, अॅक्च्युअल आयतं मिळतंय." टार्गेट लिहून टाकलं, रोज दहा तारे.

ओ. बसली. शब्द: अॅपल. ओठ गोल, मान ताठ, अॅ, अॅ, अॅ... तेवढ्यात अस्वलानं मान हलवली. "ट्राय अगेन, फ्रेंड!" परत. परत मान हलवली. माइक तिच्यासाठी थांबतच नाही. ती अर्ध्यावर असते आणि अस्वल निकाल देऊन मोकळं.

एकही तारा नाही. अस्वल मात्र शेवटपर्यंत हसतमुख. शाळेतल्या त्या बाईसुद्धा अशाच हसायच्या.

बंद करायला हवी होती. पण म्हटलं सवयीनं होईल. मुलांचे डॉक्टर पण तेच म्हणाले होते, मोठी झाली की जाईल, सराव ठेवा.


२ फेब्रुवारी

ओ. नं खुणेनं सांगितलं, बेडरूमचं दार लावून बसणार. चिऊला सोबत घेऊन. तू नको.

लागलं मला ते. पण म्हटलं ठीक, आईसमोर लाज वाटत असेल. चिऊला दम दिला, ताईला त्रास द्यायचा नाही, नुसतं बसायचं. चिऊ म्हणाली, "मी नुसतीच बसते."

आज तीन तारे.


७ फेब्रुवारी

भाकरी थापत होते. बंद दारातून आवाज आला, "एलिफंट." स्वच्छ, एका दमात. मग टॅबच्या टाळ्या. मग "अंब्रेला".

मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले. रडले. सासूबाई दारात. "आवाज आला का गं?" आला, म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला हात जोडले आणि परत जाऊन बसल्या. तवा तापून धूर निघाला तेव्हा भानावर आले.

बोर्डावर हिरवी चकती लावली. माझ्या जुन्या कंपनीतली राहिलेली पाकिटं आहेत, हिरवी म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट. लाल कपाटातच ठेवलीत.


१६ फेब्रुवारी

नऊ-दहा दिवस सगळे हिरवे. जेवताना ओ. अजून गप्पच असते, मान हलवून भागवते. पण दाराआड बोलते, तर एक दिवस दाराबाहेरही बोलेल. प्र. नं बोर्डाचा फोटो काढून भावांच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या थोरल्या भावानं अंगठा दाखवला. आमच्या घरात अंगठा मिळवायला माझी आठ वर्षं गेलीत.

साइटकडून सर्टिफिकेट आलं. 'ओवी, स्टार रीडर.' सासूबाईंनी झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणलं, लॅमिनेशन करून. फोटोच्या खाली लावलं. मग चहा पिताना म्हणाल्या, "चौदा एप्रिलला विहारात लेकरांची भाषनं हायती. ओवीचं नाव दिऊन आले."

मी ओवीकडे बघितलं. ती चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट तुटून आत पडलं, तिनं काढलं नाही.

नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण बोर्ड हिरवा होता. म्हटलं, बरं केलंत आई.


५ मार्च, गुरुवार

लाइट नाही. पंखा नाही, उकाडा. पोरी दार लावून बसल्यात, टॅबला माझ्या मोबाइलचं नेट. गुदमरतील म्हणून खिडकी उघडायला आत गेले.

चिऊ ओवीच्या मांडीवर. ओवीचं तोंड चिऊच्या कानाशी. ओवी कुजबुजते, चिऊ टॅबकडे तोंड करून ओरडते, "द हेन इज रेड!" तारा.

सगळे तारे चिऊचे.

टॅब हिसकावला. किती दिवस चाललंय हे? ओ. तोंड उघडं ठेवून तशीच. मान ताठ झाली, शब्द येईना. चिऊच बोलली, "ताई सांगते, मी म्हणते. अस्वल ताईचं ऐकत नाही ना."

मी ओवीला खोटारडी म्हणाले. बाहेर येऊन बोर्डावरच्या हिरव्या चकत्या तिच्यादेखत उपटल्या. नखात गोंद अडकला, अजून जात नाहीये. प्र. गॅलरीत हेल्मेटची काच पुसत होता, आत येऊन विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

पोरगी रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.


६ मार्च

लाइनवर एक ऑपरेटर होता. दर तासाला पार्ट मोजून चेकशीट भरायची, तो सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या सगळ्या टिका मारून ठेवायचा. मी पकडला होता त्याला. पकडला कसा, तर त्याच्या टिका फार सारख्या होत्या. खरं काम असं एकसारखं नसतं. मला त्याबद्दल शाबासकी मिळाली होती.

आणि माझ्या घरात पंधरा-पंधरा दिवस बोर्ड हिरवागार, एक दिवस चुकत नाही, तर मी सर्टिफिकेट भिंतीवर लावू दिलं. तो तरी ऑपरेटर लांबचा होता, त्याला टार्गेट दुसऱ्यानं दिलं होतं. हिला मी दिलं.

दुपारी सुचलं. तव्यावर पोळी असताना. कुजबुजताना ती अडखळत नव्हती. 'द हेन इज रेड', चिऊच्या कानात एका श्वासात. मी दारात उभी राहून ऐकलं होतं आणि रागात ते मला ऐकूच आलं नाही.

म्हणजे तिला वाचता येतं. पानंच्या पानं येतं. चिऊला अक्षर ओळखता येत नाही, मग तिला कोण सांगत होतं? महिनाभर माझी मुलगी बंद दाराआड वाचत होती, आणि मी बाहेर आवाज मोजत होते, तोही कुणाचा ते न ओळखता.

गेले तिच्याजवळ. सॉरी म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.


१० मार्च

सरकारी दवाखान्यात गेलो, बोलण्याच्या डॉक्टरकडे. रांग होती, पण बाई भल्या होत्या. ओवीला काही म्हणायला लावलं नाही. तिच्याबरोबर चित्रं रंगवत बसल्या. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, तिचे शब्द तुम्ही पुरे करता का? करते. हळू बोल, श्वास घे, असं सांगता का? सांगते. दिवसातून कितीदा तेच शब्द म्हणायला लावता?

रोजच्या दहा ताऱ्यांचं सांगितलं नाही.

म्हणाल्या, ती बोलायला लागली की काही करू नका. थांबा. चेहऱ्यावर घाई दिसू देऊ नका. वेळ लागेल, पूर्ण जाईलच असंही नाही. बोलायची भीती वाटू नये, एवढं आधी बघू.

थांबा. एवढं सोपं औषध माझ्याच्यानं व्हायचं नाही अशी भीती वाटते. आमची सगळी हयात सेकंद वाचवण्यात गेली.


१२ मार्च, गुरुवार

प्र. ला सांगितलं सगळं. बोर्डापुढं जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बोर्ड खोटा?" पोरीचं काय, तिला काय वाटलं असेल, काही नाही. बोर्ड खोटा. ग्रुपवर फोटो गेलाय ना.

मी म्हटलं, तिला वाचता येतं प्रशांत. म्हणाला, "मनातल्या मनात येऊन काय उपयोग? उद्या इंटरव्ह्यूला काय चिऊला घेऊन जाणार?" सात वर्षांच्या पोरीचा इंटरव्ह्यू. मग आवाज उतरवून म्हणाला, "मी पण घाबरतो गं. मीटिंगला बोलायची पाळी आली की मीच मागं सरकतो, तिचं कसं व्हायचं?" हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. त्याच्यावर धड रागावताही येईना.

ठरलं एवढंच. महापालिकेची शाळा चार गल्ल्यांवर आहे, जूनला तिथं घालायची. वेबसाइटनं शाळा होत नाही म्हणाला.


२० मार्च

सासूबाईंना मी सांगितलं. प्र. म्हणत होता नको, पण भाषणाचा सराव घेत होत्या त्या रोज संध्याकाळी, पोरीला समोर उभं करून. पहिलंच वाक्य, माझं नाव ओवी. ओ, ओ, ओ. आणि त्या पुढचं म्हणून टाकायच्या, "ओवी. म्हन, ओवी." बघवेना.

सांगितलं की सर्टिफिकेट खरं नाही, बोलली चिऊ. नाव मागं घेऊ.

पदर नीट केला त्यांनी. "मी समद्या बायांना सांगितलं. माझी नात विंग्रजी वाचती म्हनून." मग म्हणाल्या, "नाव मागं घ्यायचं न्हाई. मला पाटी घिऊन भायेर बसवायचे. मास्तर आतनं शिकवायचा, मी भायेरनं आयकायची. एक दिस मास्तरानं विचारलं, आन् मी बोलले न्हाई भ्यानं. त्यो म्हनला, हिला काय येतंय. मग कुनी विचारलंच न्हाई परत. हिला विचारायलेत तर बोलू दी."

मी म्हटलं, ती नाही बोलली तर?

"तर न्हाई बोलली. पर तिचं नाव खोडायचं न्हाई."

आमचं दोघींचं पटत नाही, पटणारही नाही. पण आज संध्याकाळी सराव घेतला नाही त्यांनी. सर्टिफिकेट मात्र काढलं नाही. मी काढायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दी. वाचलं तर तिनंच हाय न्हवं?"


२ एप्रिल

नवीन साइट. ह्यात माइक नाही, अस्वल नाही, तारे नाहीत. नुसती गोष्टींची पुस्तकं, चित्रं आणि मजकूर, मराठीसुद्धा. हे इतके दिवस दिसलं नव्हतं, कारण मी 'अॅक्टिव्हिटी' आणि 'प्रोग्रेस' शोधत होते. जी मोजत नाही ती साइट मला शाळाच वाटत नव्हती.

ओ. वाचते. चिऊला कुशीत घेऊन कानात. दार उघडं असतं आता. मी लांबून नुसती कुजबुज ऐकते, शब्द कळत नाहीत. बोर्ड पुसून टाकला. प्र. त्यावर दूध आणि सिलेंडर लिहितो.

शबानाला लिंक पाठवली. तिचा निरोप आला, "फैजान म्हणतो यात गेम कुठाय." असो.

काल भांडी घासताना ओ. जवळ येऊन म्हणाली, "आ... आ... आई, कासव कि... किती जगतं?" मी थांबले. नळ चालू, पाणी एक दिवसाआड येतं, बादल्या भरायच्या राहिल्यात, तरी थांबले. पुरं वाक्य बोलली. मला आठवत नाही ह्याआधी मी तिचं एक तरी वाक्य पुरं ऐकलं होतं का.


१४ एप्रिल

विहारापुढं मांडव. पांढरी साडी नेसून सासूबाई पहिल्या रांगेत. गर्दी, डीजे, सरबत. पोरं एकेक करून स्टेजवर जातात, पाठ केलेलं खाडखाड म्हणतात, खाली उतरतात. निवेदक कॉलेजातला मुलगा, चांगला होता, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होता.

मी ओ. ला सकाळी विचारलं होतं, जायचंय का? नाही म्हणालीस तरी चालेल. तिनं मान हलवली, जायचंय. तिनं. मी नाही, सासूबाई नाहीत.

नाव पुकारलं. गेली. निळा फ्रॉक. माइक तिच्यासाठी खाली केला. ती उभी राहिली. ओठ गोल झाले. मला लांबून दिसत होतं, तो 'ओ' होता, 'माझं नाव' सोडून ती सरळ नावावरच गेली होती, अवघड तेच आधी. मान ताठ. गळ्याची शीर दिसत होती.

मांडव शांत झाला. अजून शांत. कुणीतरी मोबाइल वर केला. मी मनात म्हणत होते, थांबा, थांबा, थांबा.

मग मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. चांगल्या मनानं. घाबरू नको बाळा अशा. मग सगळ्यांनी. अख्खा मांडव. निवेदक माइकवर म्हणाला, "लाजली आमची छोटी! जोरदार टाळ्या होऊ द्या ओवीसाठी!" म्हणजे तिचं नावही त्यानंच सांगून टाकलं.

तिचे ओठ तसेच गोल होते. मग मिटले. तो तिचा हात धरून पायऱ्या उतरवत होता आणि ती मान वळवून माइककडे बघत होती.

एकट्या सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

मी वाजवल्या. सगळ्यांबरोबर. शांतता सहन होईना, आणि हात आपोआप वर गेले. प्र. नं पण. आम्ही दोघं उभं राहून वाजवत होतो.


१६ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस ओ. कुजबुजतही नाही. चिऊ पुस्तक घेऊन तिच्यामागं फिरते. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यात नवीन काही नाही.

महापालिकेच्या शाळेत प्र. जाऊन आला. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, सोमवारी मुलीला घेऊन या, जरा बोलू तिच्याशी. प्र. नं तिथं आधी काहीच सांगितलं नाही, ती अडखळते वगैरे. "सांगितलं तर शिक्का बसेल." मी म्हणते, नाही सांगितलं तर त्या नाव विचारतील आणि तीन सेकंदांत पुढच्या प्रश्नावर जातील. भांडण अर्धंच राहिलं, त्याला टँकरवाल्याचा फोन आला.

घरी ठेवू का परत? त्या मुक्या पुस्तकांच्या साइटवर ती सातवीपर्यंत वाचत राहील, सुखानं, चिऊच्या कानात. चिऊ मोठी होऊन शाळेत जाईल तेव्हा? मला कळत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, मला जळूनही कळत नाहीये.

दुपारी मटार सोलत होते. ओ. येऊन समोर बसली. एक शेंग घेतली, सोलली नाही. ओठ हलायला लागले. मी हात थांबवला. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. तिची मान ताठ झाली, सुटली, परत ताठ झाली. डोळे माझ्यावरून काढले नाहीत तिनं.

"तू... तू... तू टा... टाळ्या का वा... वाजवल्यास? मी बो... बोलणार होते."

पुरं वाक्य. दोन वाक्यं.

मला काही बोलता येईना. तोंड उघडलं, परत मिटलं. आणि तिनं घाई केली नाही. शेंग हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत, थांबून राहिली.